न थांबलेली वाढ : मेड्युलोब्लास्टोमा आणि त्याची जनुके



संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी ‘मेड्युलोब्लास्टोमा’ असे सांगितले. पलीकडून जरा वेळ काहीच आवाज आला नाही. मग अगदी अदबीने विचारणा झाली, ‘मॅडम, मधुमेहावर नाही का बोलता येणार?’ मधुमेहावर बोलणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांनी बोललेच पाहिजे. माझी नोकरी मात्र पॅथॉलॉजीच्या खोलीत, सूक्ष्मदर्शकावर मान घालून गेली, आणि त्या खोलीत ज्या एका गाठीने माझ्या डोळ्यांदेखत आपले सगळे शास्त्र बदलून टाकले ती ही गाठ. तेव्हा हट्ट माझाच. पत्रिकेत ‘मेंदूचा एक दुर्मीळ कर्करोग’ असे छापले आहे, तेही बरोबरच आहे. दर दहा लाख मुलांमागे वर्षाला साधारण पाच मुलांना हा रोग होतो. पण मुलांच्या मेंदूत होणाऱ्या घातक गाठींपुरते पाहिले तर हीच सर्वांत जास्त आढळते.

जनुक सापडले की औषध सापडलेच, असा एक समज आपल्याकडे पसरला आहे. वर्तमानपत्रांचा त्यात हात आहे, आणि आम्हा शास्त्रवाल्यांचाही आहे, कारण अनुदानाचे अर्ज लिहिताना आम्हीही तसेच लिहितो. या रोगाची जनुके आता बऱ्यापैकी ठाऊक आहेत. त्या ज्ञानातून नवी औषधे फारशी निघाली नाहीत. निघाली ती वेगळीच गोष्ट : कोणत्या मुलाला किती कमी उपचार पुरतील याचा अंदाज. आज मला सांगायचे आहे ते एवढेच, पण तिथे पोचायला जरा वळसा घ्यावा लागेल.

आधी गाठ कुठे होते ते पाहू. डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर, लहान मेंदू असतो. चालताना तोल सांभाळणे, हात नेमका जिथे न्यायचा तिथे नेणे ही त्याची कामे. नावाने लहान, पण माणसाच्या मेंदूतल्या सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशींपैकी जवळजवळ ६,९०० कोटी एकट्या लहान मेंदूत असतात. मेंदूतले पाणी खाली उतरण्याची वाट त्याच्या पुढूनच जाते. तिथे गाठ वाढली की पाणी तुंबते, डोक्यातला दाब वाढतो. मूल सकाळी उठल्याबरोबर डोके दुखते म्हणते, उलटी करते, उलटी झाली की बरे वाटते म्हणून शाळेत जाते. काही आठवडे जंताचे औषध, पित्ताचे औषध, चष्म्याचा नंबर असे सगळे होते. मग चाल बिघडते, मूल पाय फाकवून चालू लागते, आणि कोणीतरी एमआरआय सांगते. यात पहिल्या डॉक्टरला दोष देण्यात अर्थ नाही. उलटी करणाऱ्या हजारो मुलांत असे एखादेच असते.

निदान सांगितल्यावर आईवडील एक प्रश्न हमखास विचारतात : आमचे काय चुकले? गरोदरपणात काही खाल्ले, मोबाइल जास्त पाहू दिला, बाळ पलंगावरून पडले होते. याचे उत्तर स्पष्ट ‘काही नाही’ असे आहे, आणि ते नुसते समजूत घालण्यासाठी दिलेले उत्तर नाही. मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या किंवा मोठ्या आतड्याच्या कर्करोगात जनुकांची मोडतोड वर्षानुवर्षे साचत गेलेली असते. २०११ साली मेड्युलोब्लास्टोमातली सगळी जनुके प्रथमच वाचली गेली तेव्हा एका गाठीत सरासरी अकराच्या आसपास बदल सापडले, म्हणजे मोठ्यांच्या गाठींच्या पाचव्या ते दहाव्या हिश्श्याइतके. सवयींनी, धुराने, वयाने खरवडलेल्या पेशींची ही गाठ नव्हे. मेंदू घडत असताना जी वाढ ठरल्या वेळी थांबायला हवी होती, ती थांबली नाही, एवढेच झालेले असते.

या गाठीला नाव मिळाले १९२५ साली. अमेरिकेत हार्वे कुशिंग आणि पर्सिव्हल बेली यांनी मुलांच्या लहान मेंदूत मधोमध होणारी ही गाठ वेगळी ओळखली, आणि ती ‘मेड्युलोब्लास्ट’ नावाच्या गर्भावस्थेतल्या पेशीपासून होत असावी असे मानले. ती पेशी पुढे कोणालाच सापडली नाही. नाव मात्र शंभर वर्षे टिकले. कुशिंग हे त्या काळातले मेंदूच्या शस्त्रक्रियेतले सर्वांत मोठे नाव. १९३० साली त्यांनी ६१ रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा तीन वर्षांनंतर त्यांतला एकच जिवंत होता. गाठ कितीही कौशल्याने काढा, तिच्या पेशी पाण्याबरोबर मज्जारज्जूभर पसरतात आणि तिथे रुजतात. ही गोष्ट गांभीर्याने घेतली ती इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या पॅटरसन आणि फार यांनी. गाठ होती तेवढ्याच जागेला नव्हे, तर सगळ्या मेंदूला आणि माकडहाडापर्यंतच्या सगळ्या कण्याला त्यांनी किरणोत्सर्ग दिला. आपल्याकडे वॉर्डात ज्याला ‘लाईट देणे’ म्हणतात तोच. १९५३ साली त्यांनी निष्कर्ष छापले तेव्हा तीन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याच्या वर गेले होते. या रोगातला सर्वांत मोठा पल्ला तोच, आणि तो जनुके म्हणजे काय हेही नीट ठाऊक नसताना गाठला गेला. डीएनएची रचनासुद्धा त्याच वर्षीची.

त्या पल्ल्याची किंमत मुलांनी दिली. वाढत्या मेंदूवर एवढा किरणोत्सर्ग झाला की बुद्धीचा वेग मंदावतो, शाळेत मागे पडणे सुरू होते, वाढीचे आणि थायरॉइडचे हार्मोन कमी पडते, कण्याची उंची खुंटते. सिसप्लॅटिनसारख्या औषधाने कान जातात. मूल वाचले हे खरे, पण पुढे त्याला नोकरी मिळेल का, ते एकटे राहू शकेल का, हे प्रश्न घेऊन ते वाचते. जितके लहान वय तितके नुकसान जास्त. म्हणून गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतला या रोगाचा बराचसा अभ्यास एकाच प्रश्नाभोवती फिरतो आहे : किती कमी करता येईल? आणि सूक्ष्मदर्शकाखाली गाठी सारख्याच दिसत असल्याने कोणासाठी कमी करावे हे कळत नव्हते. निळ्या, गोल, लहान पेशींचे थवेच्या थवे. मीही अनेक वर्षे त्याच चार-पाच वाक्यांत रिपोर्ट लिहिले.

आता वळसा. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या मेंढपाळांकडे एकच डोळा असलेली कोकरे जन्माला येऊ लागली. डोळा कपाळाच्या मधोमध. सरकारी शास्त्रज्ञांनी कळपांमागे हिंडून कारण शोधले. डोंगरातल्या कुरणांवर व्हेराट्रम नावाची, लिलीच्या जातकुळीतली एक वनस्पती उगवते. मेंढीने गाभण राहिल्यापासून नेमक्या चौदाव्या दिवशी ती खाल्ली, तर कोकराच्या मेंदूचे दोन अर्धे भाग वेगळे होत नाहीत. त्या वनस्पतीतले द्रव्य वेगळे काढून त्याला नाव दिले सायक्लोपामिन, ग्रीक कथांतल्या एकाक्ष राक्षसावरून. ते पेशीत नेमके काय करते हे मात्र पुढची तीस वर्षे कोणाला कळले नाही.

ते कळायला माशी लागली. जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस फळमाशीच्या अळ्या तपासत होते. कोणते जनुक बिघडले की अळीच्या शरीराची आखणी कशी चुकते, एवढाच त्यांचा प्रश्न. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या त्या यादीत एक अळी अशी होती की तिच्या अंगभर बारीक काटेच काटे. त्या जनुकाला त्यांनी त्या नावाच्या काटेरी प्राण्यावरून हेजहॉग म्हटले. दोघांना १९९५चे नोबेल मिळाले, एडवर्ड लुइस यांच्याबरोबर. सस्तन प्राण्यांत या जनुकाची तीन भावंडे निघाली : डेझर्ट, इंडियन आणि सॉनिक. पहिली दोन खऱ्या प्राण्यांच्या नावावरून, तिसरे व्हिडिओ गेममधल्या निळ्या पात्रावरून. मुलाच्या मेंदूत गाठ आहे हे सांगताना ‘सॉनिक हेजहॉग’ हे शब्द तोंडातून काढणे किती अवघड जाते, ते हे नाव ठेवणाऱ्या तरुण संशोधकांच्या मनातही आले नसेल.

हा सॉनिक आपल्या लहान मेंदूत काय करतो? गर्भाच्या शेवटच्या महिन्यांत आणि जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात लहान मेंदूच्या पृष्ठभागावर पेशींचा एक थर असतो. त्या पेशी भराभर दुभंगत असतात, कारण मघाशी सांगितलेल्या त्या कोट्यवधी पेशी इथूनच यायच्या असतात. थराच्या खालच्या बाजूला असलेल्या पुर्किंजे पेशी सॉनिक हे प्रथिन सोडतात आणि वरच्या पेशींना ‘वाढा’ असा संदेश देतात. वरच्या पेशीच्या अंगावर पॅच्ड नावाचे प्रथिन असते. एरवी ते स्मूदन्ड नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला दाबून ठेवते. सॉनिक येऊन पॅच्डला चिकटला की दाब सुटतो, स्मूदन्ड जागे होते, आणि पेशीच्या आत सुफू या प्रथिनाने अडवून धरलेली ग्लाय नावाची प्रथिने केंद्रकात जाऊन दुभंगण्याची जनुके चालू करतात. काम संपले की पेशी दुभंगणे सोडून आत उतरतात, आणि वर्ष-दीड वर्षात तो वरचा थर नाहीसा होतो. माणसाच्या शरीरात इतकी जोरदार वाढ इतक्या शिस्तीने संपण्याची उदाहरणे कमी आहेत.

पॅच्ड बिघडले तर? सॉनिक आला काय, न आला काय, स्मूदन्ड जागेच. १९९६ साली असे दिसले की गोरलिन सिंड्रोम या आनुवंशिक विकारात पॅच्डची एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते. या घराण्यांत त्वचेचे कर्करोग होतात, जबड्यात पुटे होतात, आणि काही मुलांना मेड्युलोब्लास्टोमा होतो. पुढच्याच वर्षी पॅच्डची एक प्रत काढून टाकलेल्या उंदरांतही तीच गाठ दिसली. आणि १९९८मध्ये कळले की एकाक्ष कोकरांचे ते द्रव्य नेमके हाच संदेशमार्ग बंद पाडते. मेंढी, माशी, उंदीर आणि मूल एका रेषेत आले. जीवशास्त्रात अशी सांगड क्वचित बसते, आणि ती बसली तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटले, झाले, आता औषध आलेच.

ते आलेही. स्मूदन्डला बंद करणारे व्हिस्मोडेजिब हे औषध मेड्युलोब्लास्टोमा शरीरभर पसरलेल्या एका २६ वर्षांच्या तरुणाला दिल्याचे २००९ साली छापले गेले. आधीच्या आणि नंतरच्या स्कॅनची ती चित्रे त्या वर्षी जगभरच्या परिषदांत दाखवली जात होती : आधी अंगभर काळे डाग, नंतर जवळजवळ कोरे शरीर. काही महिन्यांत डाग परत आले आणि तो तरुण वाचला नाही. परत आलेल्या गाठीत स्मूदन्डच्या एकाच अमिनो आम्लात बदल झाला होता, तेवढ्याने औषधाला धरायला जागा उरली नाही. दुसरी अडचण त्याहून साधी आहे. ज्यांच्या गाठीत मुळातच सुफू बिघडलेले असते किंवा ग्लायच्या प्रती वाढलेल्या असतात, त्यांना हे औषध पहिल्या दिवसापासून लागू पडत नाही. कालव्याचे वरचे दार बंद करून काय होणार, जर फूट खालच्या चारीलाच असेल? आणि तिसरी अडचण मुलांची. मघाशी सांगितलेले इंडियन हेजहॉग हाडांच्या टोकांची वाढ सांभाळते, आणि तेही स्मूदन्डमार्फतच. औषध दिलेल्या काही मुलांची हाडांची टोके वेळेआधी कायमची जुळून गेली, उंची तिथेच थांबली. म्हणून हे औषध आज वाढ पूर्ण झालेल्यांसाठीच विचारात घेतात. ज्या संदेशमार्गाने मेंदू घडतो त्यानेच सांगाडाही घडतो. मुलांच्या कर्करोगात नेमका नेम धरणारी औषधे इतकी अवघड का, याचे उत्तर या एका वाक्यात बरेचसे आहे.

मग सॉनिकच्या ज्ञानाचा उपयोग काय झाला? झाला, पण औषधाच्या बाजूने नाही. तीन वर्षांखालच्या बाळांना किरणोत्सर्ग देणे म्हणजे त्यांचे पुढचे आयुष्य मोडणे. जर्मन गटाने २००५ साली दाखवले की अशा बाळांपैकी विशिष्ट गाठीदार रचनेची गाठ असलेली बहुतेक बाळे शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी एवढ्यावर बरी होतात. त्यात मेंदूच्या पाण्यात थेट सोडलेले मेथोट्रेक्सेटही होते. लाईट मुळीच नाही. पुढे लक्षात आले की ती गाठीदार रचना म्हणजे सॉनिकचा संदेशमार्ग बिघडलेल्या गाठींचा, ‘सॉनिक’ गट. उलट त्याच सॉनिक गटात, जरा मोठ्या मुलांत, टीपी५३ हे जनुक बिघडलेले असेल तर गाठ उपचारांना दाद देत नाही. ते जन्मतःच बिघडलेले असेल, तर किरणोत्सर्गाने नवे कर्करोग ओढवण्याची भीती असते. गोरलिनच्या मुलांनाही कण्याला लाईट दिल्यावर त्या पट्ट्यात पुढे त्वचेचे अनेक कर्करोग उगवतात. म्हणून सॉनिक गटातल्या मुलाच्या रक्ताची जनुकतपासणी उपचार ठरण्याआधी व्हायला हवी, नंतर नव्हे.

दुसरा संदेशमार्ग विन्ट, आणि याच्या मुळाशी दिल्ली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पुशातल्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत आर. पी. शर्मा आणि व्ही. एल. चोप्रा यांनी १९७०च्या दशकात पंख नसलेली एक फळमाशी अभ्यासली. १९७६चा त्यांचा शोधनिबंध आजही उद्धृत होतो. त्या जनुकाचे नाव विंगलेस. इकडे अमेरिकेत रोएल नुस आणि हॅरल्ड व्हार्मस यांना १९८२ साली उंदरांच्या स्तनाच्या गाठीत इंट-१ नावाचे जनुक सापडले. १९८७मध्ये दोन्ही एकच निघाली आणि विंगलेस व इंट मिळून विन्ट झाले. चोप्रा पुढे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे महासंचालक झाले, गव्हाच्या आणि शेतीच्या धोरणासाठी ओळखले गेले. कर्करोगाच्या पाठ्यपुस्तकाच्या पानावर आपली माशी जाऊन बसेल असे त्यांनी तेव्हा म्हटले असते तर अनुदान मिळाले नसते.

मेड्युलोब्लास्टोमाशी विन्टचे नाते आतड्यामार्गे कळले. कॅनडातल्या क्वेबेकच्या जॅक टर्कॉट यांनी १९५९ साली अशी भावंडे नोंदली होती, ज्यांच्या मोठ्या आतड्यात शेकडो मस्से होते आणि मेंदूत गाठ. १९९५मध्ये स्पष्ट झाले की अशा ज्या घराण्यांत मेंदूची गाठ मेड्युलोब्लास्टोमा असते, तिथे बिघाड एपीसी या जनुकात असतो. एपीसीचे काम बीटा-कॅटेनिन या प्रथिनाला वेळेवर मोडून टाकणे. घराण्यात काही नसलेल्या मुलांत सहसा बीटा-कॅटेनिनचेच जनुक असे बदललेले असते की ते प्रथिन मोडताच येत नाही. ते साचते, केंद्रकात शिरते. आमच्या खोलीत हे डोळ्यांनी दिसते : खास रंग दिला की पेशीचे केंद्रक तपकिरी होते. कधी सगळ्या पेशींत, कधी इथे-तिथे पुंजक्यांत. आणि त्या मोजक्या पुंजक्यांवरून मुलाचे भवितव्य ठरायचे असते, म्हणून एका रंगावर विसंबू नये, जनुकही वाचून घ्यावे आणि सहाव्या गुणसूत्राची एक प्रत गळलेली आहे का तेही पाहावे.

एवढी काळजी का, तर विन्ट गटाची मुले ९५ टक्क्यांहून अधिक वाचतात. सगळ्या मेड्युलोब्लास्टोमांपैकी ती दहा टक्केच. त्यांची गाठ मुळात लहान मेंदूची नसतेच, ती त्याच्या पुढच्या मस्तिष्कस्तंभाच्या पाठीतून उगवते, हे २०१०मध्ये कळले. मग ती इतकी बरी का होते? मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती अशा घट्ट असतात की बहुतेक केमोथेरपी आत झिरपतच नाही. २०१६ साली मेम्फिसच्या संशोधकांनी दाखवले की विन्टच्या गाठी विन्टचाच संदेश अडवणारी प्रथिने बाहेर सोडतात, आणि त्यामुळे आसपासच्या वाहिन्यांच्या भिंती सैल पडतात. औषध आत शिरते. शल्यविशारद या गाठी फार रक्त सोडतात अशी तक्रार करत, त्याचेही कारण हेच. ही गाठ दुबळी नसते, स्वतःच्या करणीने उघडी पडलेली असते. माझ्या मते या सगळ्या शास्त्रातले हे सर्वांत सुंदर निरीक्षण आहे.

आता हातात हे ज्ञान असेल तर कोणीही पुढचा विचार करील : या मुलांचा लाईट कमी करू या, जमल्यास काढूनच टाकू या. मूळ मात्रा सगळ्या मेंदू-कण्याला ३६ ग्रे (हे किरणोत्सर्ग मोजायचे एकक) होती. केमोथेरपीची जोड दिल्यावर ज्यांच्यात धोका बेताचा आहे त्यांच्यासाठी ती २३.४ ग्रेवर आली. अमेरिकेत लहान मुलांसाठी १८ ग्रे करून पाहिले, तर रोग उलटण्याचे प्रमाण वाढले. पण त्यात सगळे गट एकत्र होते. फक्त विन्टच्या मुलांचे काय? मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रात नेमका हाच प्रश्न घेऊन अभ्यास सुरू झाला. विन्टची, धोका कमी असलेली मुले, गाठ काढलेली. त्यांना फक्त गाठीच्या जागेला किरणोत्सर्ग आणि नंतर केमोथेरपी, कण्याला काही नाही. थोड्याच मुलांनंतर दिसले की रोग मूळ जागेपासून दूर परत येतो आहे. अभ्यास मुदतीआधी थांबवण्यात आला. अमेरिकेतही विन्टच्या मुलांना किरणोत्सर्ग अजिबात न देण्याचा एक छोटा अभ्यास असाच थांबवावा लागला.

या निकालाविषयी मला विशेष बोलायचे आहे, कारण त्याच्या बातम्या झाल्या नाहीत. गाठ सर्वांत सौम्य, तिचे जनुक ठाऊक, ती औषधाला का दाद देते याची कारणमीमांसासुद्धा हातात, आणि तरीही मँचेस्टरच्या त्या दोघांचे म्हणणे खरे ठरले : पेशी पाण्यात उतरलेल्या असतात. जनुकाने सांगितले की कमी करा. किती, ते सांगितले नाही. ते मुलांच्या अंगावरच पाहावे लागले, आणि ज्यांनी पाहिले त्यांनी नियम आधी ठरवले होते, देखरेखीची स्वतंत्र समिती नेमली होती, वेळीच थांबले, आणि निकाल लपवला नाही, छापला. मुंबईतच पुढचा अभ्यास कण्याचा लाईट ठेवून, पण १८ ग्रेवर आणून आखला गेला. युरोपात आणि अमेरिकेतही विन्टसाठी घट साधारण याच मापाची तपासली गेली आहे. यशाच्या दहा बातम्यांपेक्षा हा एक थांबलेला अभ्यास मला अधिक मोलाचा वाटतो.

राहिले दोन गट, आणि त्यांना नावेही धड नाहीत. २०१०मध्ये बॉस्टनला तज्ज्ञ जमले, २०१२मध्ये एकमत छापले गेले : विन्ट, सॉनिक, गट ३, गट ४. साठ टक्के मुले या शेवटच्या दोहोंत. गट ३मध्ये मिक या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतील तर रोग फार वाईट वागतो. गट ४ मुलग्यांत जास्त. या दोन गटांत पुष्कळदा कोणतेही जनुक मोडलेले सापडत नाही, म्हणून वर्षानुवर्षे आम्ही रिकाम्या हाताने परत येत होतो. २०१४ साली एक कारण निघाले : गुणसूत्राचा तुकडा जागचा हलून एक निजलेले जनुक दुसऱ्याच जनुकाच्या चालू बटणाशेजारी जाऊन बसते. अक्षर एकही बदललेले नसते, फक्त शेजार बदललेला. आणि २०२२मध्ये दोन संशोधक गटांनी या गाठींचे उगमस्थान दाखवले ते गर्भातल्या लहान मेंदूच्या कडेचा एक पट्टा, जो माणसात टिकून राहतो आणि उंदरात तसा आढळत नाही. उंदरांवर इतकी वर्षे झालेले प्रयोग इथे का फसले, ते आता कळते.

शेवटी व्यवहाराचे. हे गट ओळखायची महागडी यंत्रे मोजक्याच शहरांत आहेत, आणि मूल सोलापूरचे, चंद्रपूरचे किंवा सावंतवाडीचे असते. शस्त्रक्रिया जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या ठिकाणी होते आणि ‘स्लाइड-ब्लॉक घेऊन या’ असे सांगून मुलाला मुंबईला पाठवतात. ब्लॉक म्हणजे गाठीचा तुकडा मेणात बसवलेला ठोकळा. वडील तो पिशवीत, फायलीत, कधी डब्यात घालून आणतात. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन विभागात अशा मेणाच्या ठोकळ्यांवरच चालेल अशी चाचणी तयार झाली, बारा जनुके आणि नऊ मायक्रोआरएनए मोजून चार गट सांगणारी. तो शोधनिबंध २०१३चा. बऱ्याच परदेशी चाचण्यांना त्या काळी गोठवलेला ताजा तुकडा लागे, तो आपल्याकडे कुठून मिळणार? आपल्या परिस्थितीकडे पाहून केलेले हे काम होते. पण ठोकळा बिघडलेला असेल तर ही चाचणीही चालत नाही. तुकडा नको तितके दिवस फॉर्मलिनमध्ये पडून राहिला किंवा फॉर्मलिन चुकीचे वापरले की आतली न्यूक्लिक आम्ले तुटतात. साध्या बाटलीतले साधे द्रव, पण तिथे हयगय झाली की पुढचे सारे शास्त्र निरुपयोगी.

सभागृहात शल्यविशारद आणि प्रयोगशाळेतले सहकारी बसले आहेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगितले. इतरांसाठी एवढेच : घरातल्या निरोगी मुलांची जनुके तपासून घ्यावीत का, असे मला नेहमी विचारतात. नाही. हा रोग झालेल्या मुलात पॅच्ड, सुफू, एपीसी किंवा टीपी५३ यांसारखे जनुक जन्मतःच बिघडलेले निघाले, तरच भावंडांची तपासणी, आणि तीही समुपदेशकाशी बोलून. आता प्रश्न घेऊ या.